ऋषिऋणाची तरतूद

राज्याच्या अर्थसंकल्पात शालेय ग्रंथालयांसाठी पैसा मागणे ही वरवर पाहता प्रशासनाची बाब आहे; परंतु ती मागणी कोणत्या नात्याने करायची, हा प्रश्न विचारला की विषय नीतिशास्त्राच्या आणि धर्मशास्त्राच्या प्रांतात जातो. मागणारा दान मागत असेल तर देणाऱ्याची इच्छा, त्याची ऐपत आणि घेणाऱ्याची पात्रता यांना महत्त्व येते. मागणारा येणे वसूल करीत असेल तर यांपैकी कशालाच महत्त्व उरत नाही. कर्ज खरे आहे का आणि ते कोणाकडे थकले आहे, एवढेच तपासावे लागते. महाराष्ट्रात शाळेच्या पुस्तकांसाठी जी निवेदने मंत्रालयात जातात त्यांची भाषा बहुतेक वेळा पहिल्या प्रकारची असते: विनंती असते, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा अशी अपेक्षा असते, आणि रक्कम मंजूर झालीच तर सत्काराचा कार्यक्रम होतो. ही भाषा नम्र आहे, पण ती ज्या तत्त्वावर उभी आहे ते या प्रकरणाला लागू पडत नाही, असे दाखवता येते. त्यासाठी दान आणि ऋण या दोन जुन्या कल्पना पुन्हा तपासून पाहाव्या लागतात.

विद्यादानाला भारतीय परंपरेत मोठी प्रतिष्ठा आहे आणि त्याची एक अत्यंत तपशीलवार मांडणी महाराष्ट्राच्याच भूमीवर झाली. तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी असलेल्या हेमाद्री पंडिताने 'चतुर्वर्गचिंतामणि' हा धर्मशास्त्राचा प्रचंड संग्रहग्रंथ सिद्ध केला. त्यातील दानखंडात दानाचा देश, काल, द्रव्य आणि पात्र, म्हणजे दान घेण्यास योग्य व्यक्ती, यांची चर्चा असून पुराणवचनांच्या आधारे विद्यादानाचे आणि पुस्तकदानाचे विधीही सांगितले आहेत. पोथी नकलून घेणे, तिची पूजा करणे, ती समारंभाने देवालयात पोचवणे आणि तिथे तिचे वाचन घडवणे, हे सारे त्या विधीत येते. हेमाद्री हा यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तरखान्याचा प्रमुख होता. दानाचे शास्त्र लिहिणाऱ्या माणसाचा दिवस राज्याचे कागद आणि नोंदी सांभाळण्यात जात होता, ही गोष्ट अर्थखात्यातल्या आजच्या अधिकाऱ्यांनी अधूनमधून आठवावी अशी आहे. जैन परंपरेत आहार, औषध, अभय आणि शास्त्र अशी चार दाने मानली जातात; वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथील शास्त्रभांडारे ही त्यांपैकी शास्त्रदानाची फळे होत, आणि अपभ्रंश साहित्याचा आधुनिक अभ्यास अशाच भांडारांतील पोथ्यांवर उभा राहिला. बौद्धांनी तर धम्माचे दान सर्व दानांत श्रेष्ठ मानले.

एवढी थोर परंपरा हाताशी असताना शाळेच्या ग्रंथालयाला दानाच्या खात्यात टाकण्यास हरकत का घ्यावी? हरकत दानाच्या रचनेलाच आहे. दानाचे पुण्य देणाऱ्याच्या पदरी पडते, म्हणून कधी द्यावे, किती द्यावे आणि कोणाला द्यावे हे ठरवण्याचा अधिकारही त्याच्याकडेच राहतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेड करू न शकणाऱ्याला दिलेले दान सात्त्विक ठरवले आहे, आणि पहिलीतला मुलगा किंवा मुलगी ही या कसोटीला पूर्णपणे उतरतात, हे खरे. पण त्याच ठिकाणी पात्राचीही अट आहे, आणि ही अट व्यवहारात शतकानुशतके जन्माने ठरत गेली. ज्यांना विद्येची सर्वाधिक गरज होती त्यांनाच विद्यादानाच्या शास्त्राने अपात्र ठरवले, हा इतिहास आहे. शिवाय दान थांबले तर दात्याचे पुण्य थांबते, त्याच्यावर दोष येत नाही. राहिलेल्या दानाबद्दल कोणी फिर्याद करू शकत नाही.

दानाची थोरवी आणि त्याची मर्यादा ही दोन्ही एकाच प्रसंगात दिसतात. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. केळुसकर शिक्षक होते, आणि मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा विद्यार्थी त्यांच्या नजरेस पडला होता. पुढे त्यांच्याच शब्दावरून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाडांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, आणि १९१३ साली बडोदे संस्थानच्याच साहाय्याने आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बुद्धाकडे आपण वळलो त्याची सुरुवात केळुसकरांच्या पुस्तकापासून झाली, असे आंबेडकरांनी पुढे नमूद केले आहे. हा प्रसंग पुस्तकदानाचे माहात्म्य सांगण्यासाठी वारंवार सांगितला जातो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलट आहे. एक पुस्तक एका मुलापर्यंत पोचले ते दोन माणसे एकाच बागेत येऊन बसत होती म्हणून. ज्या मुलांच्या वाटेवर केळुसकर आले नाहीत त्यांचे काय झाले, याची नोंद कुठेच नाही, कारण न झालेल्या दानाची नोंदवही नसते.

दुसरी कल्पना ऋणाची. तैत्तिरीय संहितेत असे म्हटले आहे की ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्माला येतो: ऋषींचे ऋण तो ब्रह्मचर्याने, म्हणजे गुरूजवळ राहून केलेल्या अध्ययनाने फेडतो, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने. शतपथ ब्राह्मणात हीच कल्पना अधिक व्यापक रूपात येते. तिथे जो कोणी अस्तित्वात आहे तो ऋणी आहे, आणि देव, ऋषी आणि पितर यांच्या जोडीला मनुष्यांचे चौथे ऋणही सांगितले आहे. ऋषिऋणाची कल्पना विशेष सूक्ष्म आहे. ज्यांनी ज्ञान मिळवले ते ऋषी हयात नाहीत, त्यांना काही परत करता येत नाही. म्हणून घेतलेले ज्ञान स्वतः आत्मसात करणे आणि पुढच्या पिढीकडे पोचवणे हीच त्याची फेड. धनको भूतकाळात असतो आणि वसुली भविष्याच्या हाती जाते. असे ऋण फेडले गेले की नाही हे फक्त पुढच्या पिढीकडे पाहूनच सांगता येते.

मीमांसकांनी, म्हणजे वैदिक वाक्यांच्या अर्थनिर्णयाचे शास्त्र रचणाऱ्यांनी, तैत्तिरीय वाक्यातील ब्राह्मण या शब्दात क्षत्रिय आणि वैश्य यांचाही समावेश केला, पण ते तिथेच थांबले. शतपथ ब्राह्मणाने उघडलेले दार पुढच्या शास्त्रकारांनी अर्धेच उघडे ठेवले, असे म्हणावे लागते. जो ऋणी नाही त्याला अध्ययनाचे कर्तव्य नाही, आणि ज्याला कर्तव्य नाही त्याला पुस्तक देण्याचे कारण नाही, असा तो तर्क होता. बहुसंख्य समाज ज्ञानाच्या देवघेवीबाहेर गेला तो या तर्काने.

ऋणाच्या कल्पनेवर याहून गंभीर आक्षेप न्यायदर्शनात येतो, आणि प्रस्तुत विषयासाठी तोच अधिक मोलाचा आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायात पूर्वपक्ष असा मांडला आहे की माणूस जन्मभर ऋणे फेडण्यातच गुंतलेला असेल तर त्याला मोक्षासाठी वेळ कुठून मिळणार? त्यावर भाष्यकार वात्स्यायन उत्तर देतो की या वाक्यातील ऋण हा शब्द मुख्य अर्थाने घ्यायचा नसून गौण अर्थाने, म्हणजे साम्यामुळे वापरलेला म्हणून घ्यायचा आहे. मुख्य अर्थाने ऋण तेव्हाच म्हणता येते जेव्हा एक जण परत मिळावयाचे म्हणून काही देतो आणि दुसरा परत करावयाचे म्हणून ते घेतो. ऋषींनी असे काही हातात ठेवलेले नाही. तेव्हा कर्ज न फेडणाऱ्याची जशी निंदा होते तशी अध्ययन न करणाऱ्याची व्हावी, एवढाच त्या शब्दाचा हेतू. ही कसोटी काटेकोर आहे आणि ती मान्य करूनच पुढे जायला हवे. शाळेच्या ग्रंथालयाबद्दल समाजावर ऋण आहे असे म्हणणारा माणूस केवळ अलंकारिक बोलत असेल, तर अर्थखात्याने त्याच्याकडे दुर्लक्ष केल्यास तर्कदृष्ट्या त्याला तक्रार करता येणार नाही. प्रश्न असा उरतो की इथे कोणी खरोखर परत मिळावयाचे म्हणून काही दिले आहे काय.

या प्रश्नाला होकारार्थी उत्तर पुण्यात १८८२ साली दिले गेले. हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी असे दाखवून दिले की सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, तर शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. म्हणून प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे आणि त्यासाठी पैसा द्यावा. फुल्यांनी ऋण हा शास्त्रीय शब्द तिथे वापरला नाही आणि त्यांना तो वापरण्याचे कारणही नव्हते, परंतु वात्स्यायनाने घातलेली अट त्यांच्या युक्तिवादाने पुरी होते. इथे देणारा प्रत्यक्ष आहे, तो शेतकरी आहे. दिलेले द्रव्य मोजता येते, ते सारा आणि पट्ट्या या रूपाने जमा झालेले आहे. आणि घेणाऱ्याने ते प्रजेच्या हितासाठी म्हणून घेतलेले आहे. आजच्या काळात हे आणखी स्पष्ट दाखवता येते. महाराष्ट्रात १९६२ सालच्या कायद्यान्वये शहरांतील मालमत्तांवर शिक्षण उपकर बसतो, तो शिक्षणाच्या नावाने वसूल होतो, आणि आधी राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. ज्या कुटुंबाला मालमत्ताच नाही तेही बिस्किटाच्या पुड्यावरचा वस्तू व सेवा कर भरते. मूल स्वतः काही देत नाही, असे म्हणण्यातही फारसा अर्थ नाही, कारण वारसाला येणे वसूल करता येते हा कर्जाच्या व्यवहारातला जुना नियम आहे. शाळेच्या पुस्तकांचे ऋण त्यामुळे न्यायदर्शनाच्या कसोटीवरही मुख्य अर्थाने ऋण ठरते.

फुल्यांच्या युक्तिवादाचा धागा पुढे थेट अर्थसंकल्पाच्या सभागृहात पोचला. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ पासून इंपीरियल कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलत राहिले, आणि १९११ साली त्यांनी आणलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. पण ऋणाचा हिशेब आकड्यांत मांडला तो आंबेडकरांनी. मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालू असताना त्यांनी दाखवून दिले की या प्रांतात शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च होतात आणि मद्यावरील अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल होतात. निदान अबकारीतून लोकांकडून जेवढे घेतले जाते तेवढे तरी शिक्षणावर परत द्यावे, अशी त्यांची मागणी होती. या मागणीची नैतिक घडण पाहण्यासारखी आहे. सरकारच्या उदारतेला तिच्यात कुठेही आवाहन नाही. जमेच्या बाजूचा एक आकडा उचलून तो खर्चाच्या बाजूच्या आकड्याशेजारी ठेवला आहे आणि दोहोंतली तूट ही सरकारची बाकी म्हणून दाखवली आहे. वीस वर्षांपूर्वी ज्याला एक पुस्तक भेट म्हणून मिळाले होते त्याने सभागृहात उभे राहून भेट मागितली नाही, हे विसरता कामा नये.

भारताच्या संविधानाने हाच भेद आपल्या वित्तीय रचनेत घालून ठेवला आहे, जरी तो वेगळ्या हेतूने घातला असला तरी. राज्याच्या वार्षिक वित्तीय विवरणपत्रात, म्हणजे ज्याला बोलीत अर्थसंकल्प म्हणतात त्यात, अनुच्छेद २०२ नुसार खर्चाचे दोन वर्ग दाखवावे लागतात. पहिला भारित खर्च, जो राज्याच्या एकत्रित निधीवर थेट बसतो आणि ज्यावर विधानसभेत चर्चा होऊ शकते पण मतदान होत नाही. राज्यपालांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, न्यायालयीन हुकूमनाम्यांच्या रकमा आणि राज्याने काढलेल्या कर्जांचे व्याज व फेड हे त्यात येते. दुसरा दत्तमत खर्च, जो मागणीच्या रूपाने विधानसभेपुढे येतो आणि तिच्या मताने मंजूर होतो. रोखेधारकाचे व्याज पहिल्या वर्गात पडते. शाळेचे पुस्तक दुसऱ्या. राज्य ज्याला कर्ज मानते ते मत न घेता चुकते करते, आणि ज्याला कर्ज मानत नाही त्याबद्दल दर मार्चमध्ये नव्याने विचार करते.

यावरून असा मोह होतो की शाळेचे ग्रंथालयही भारित खर्चात घालावे म्हणजे प्रश्न मिटेल. तो मोह टाळला पाहिजे. सर्व नैतिक ऋणे भारित केली तर लोकप्रतिनिधींना ठरवण्यासारखे काही उरणारच नाही, आणि रुग्णालय, पाणी, रस्ता यांच्यावरचे ऋण शाळेच्या ऋणाहून कमी खरे आहे असे कोण म्हणेल? लोकशाहीत काही ऋणे अशी असतात की ती दरवर्षी पुन्हा सिद्ध करावी लागतात. हे त्रासदायक आहे खरे, परंतु त्यात एक गुणही आहे: जे ऋण दरवर्षी बोलून दाखवावे लागते ते विसरले जात नाही, उलट आपोआप चुकते होणाऱ्या व्याजाचा आकडा क्वचितच कोणी वाचतो.

इथे अन्नाचा आक्षेप येतो. शाळेत पोषण आहार शिजतो आहे की नाही, छप्पर गळते आहे की नाही, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे की नाही, हे प्रश्न उभे असताना गोष्टींच्या पुस्तकांसाठी पैसा मागणे ही चैन नव्हे काय? अन्नाने क्षणाची तृप्ती होते आणि विद्येने जन्माची, अशा आशयाचे एक सुभाषित यावर उत्तर म्हणून पुढे केले जाते, पण ते उत्तर पोकळ आहे. ज्याने उपाशी मूल पाहिले आहे तो अन्नाला क्षणिक म्हणणार नाही. खरे उत्तर अन्नाच्याच इतिहासात आहे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश राज्यांना दिला, आणि जे तोवर कृपा म्हणून कमीजास्त दिले जात होते ते देणे झाले. अन्न दानातून ऋणात गेले, आणि त्यामुळेच ते ताटात पडू लागले. पुस्तकाच्या बाबतीत हीच पायरी कायद्याने चढून झालेली आहे. ८६ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २१ क च्या अंमलासाठी २००९ साली जो बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावे, आणि त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे सांगितले आहे. गोष्टींच्या पुस्तकांचा उल्लेख कायद्यातच आहे. चैनीचा आक्षेप तिथेच संपायला हवा होता.

तो संपत नाही, कारण हिशेबाच्या रचनेत या वचनाला घर मिळालेले नाही. सरकारी जमाखर्चात प्रत्येक रुपया कोणत्या तरी लेखाशीर्षाखाली, म्हणजे क्रमांक दिलेल्या खात्याखाली, पडतो. सर्वसाधारण शिक्षणाचे प्रधान शीर्ष २२०२ आहे. त्याखाली प्राथमिक शिक्षणात पाठ्यपुस्तकांना स्वतंत्र गौण शीर्ष आहे, परीक्षांना आहे, शिष्यवृत्त्यांना आहे, पण शाळेच्या ग्रंथालयाला नाही. सार्वजनिक ग्रंथालये २२०५ या कला व संस्कृतीच्या शीर्षाखाली येतात आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान मिळण्याची काहीएक व्यवस्था आहे. ती अपुरी आहे, पण आहे. शाळेची पुस्तके मात्र कधी केंद्र आणि राज्य यांच्या साठ-चाळीस वाट्याने चालणाऱ्या समग्र शिक्षा योजनेत, जिथे शाळेच्या प्रकारानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये ग्रंथालय अनुदान ठरवलेले आहे, कधी अनुदानित शाळांच्या वेतनेतर अनुदानात खडू, वीजबिल आणि डागडुजी यांच्या गर्दीत, तर कधी जिल्हा परिषदेच्या सेसमध्ये सापडतात. ज्या खर्चाला स्वतःचे शीर्ष नसते त्याची कपात झालेली कोणाला दिसत नाही. धर्मशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर ऋण मान्य आहे, पण ते कोणाच्या नावावर आहे याचा कागद नाही.

पैसा मिळाला तरी ऋण फिटतेच असे नाही, हीदेखील या प्रश्नाची बाजू आहे, आणि ग्रंथालयांची बाजू मांडणारे ती बहुधा झाकून ठेवतात. अनेक शाळांत निधी वर्षाच्या शेवटी येतो आणि ३१ मार्चच्या आत खर्च करायचा असतो. मग पुस्तके यादीवरून, एकगठ्ठा, शिक्षकांनी न पाहता येतात. ती दाखल नोंदवहीत चढतात, त्यांच्यावर शिक्का बसतो आणि ती लोखंडी कपाटात जातात. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असते. याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. पुस्तक हरवले तर भरपाई कोणाकडून घ्यायची, फाटले तर निर्लेखन, म्हणजे नोंदीतून ते रीतसर कमी करण्याची कारवाई, कोणी करायची, आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर उत्तर कोणी द्यायचे, या भीतीपोटी शिक्षक कपाट बंद ठेवतो. प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचे पद नसते, आणि माध्यमिक शाळांतल्या अर्धवेळ ग्रंथपालांचा प्रश्न वर्षानुवर्षे आंदोलनांत अडकलेला आहे. हेमाद्रीने पुस्तकदानाच्या विधीत वाचनालाही स्थान दिले होते. कपाटबंद अनुदान त्याच्या शास्त्रानेसुद्धा अपुरे ठरले असते. ऋषिऋणाच्या दृष्टीने तर खरेदी ही फेड नव्हेच, कारण ते ऋण अध्ययनाने फिटते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले त्यांतला पहिला पुस्तके वापरासाठी असल्याचा आणि शेवटचा ग्रंथालय ही वाढती संस्था असल्याचा आहे. पहिल्यातून झीज आणि हानी मान्य करणारी तरतूद निघते आणि शेवटच्यातून दरवर्षीची. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा करणे सोपे आहे, त्याला लेखाशीर्ष लागत नाही.

ऋणाचा भार राज्यावर किती आणि गावावर किती, हा प्रश्न बडोदे संस्थानाने शंभर वर्षांपूर्वी हाताळला होता. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावून ग्रंथालय खाते उभारले, आणि पेट्यांतून गावोगाव फिरणारी पुस्तके सुरू केली. खेड्यातल्या ग्रंथालयासाठी नियम असा होता की गावाने काही रक्कम उभी केली की तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची. या रचनेत मोठे शहाणपण आहे, कारण ज्याने वर्गणी दिली तो किल्ली मागायला येतो. परंतु ऋणाच्या तत्त्वाशी ती पूर्णपणे जुळत नाही. जे गाव पहिला हप्ता उभा करू शकत नाही त्याचे येणे बुडते, आणि अशी गावे कोणती असतात हे सांगायला नको. आजही शाळांना लोकसहभागातून ग्रंथालय उभारण्याचा सल्ला दिला जातो. माजी विद्यार्थी परदेशात असलेल्या शाळेला तो मानवतो, ऊसतोड कामगारांची मुले असलेल्या शाळेला नाही. लोकवर्गणी ही राज्याच्या तरतुदीवरची भर असेल तर तिचे स्वागत आहे, पण तरतुदीची पूर्वअट झाली की ती ऋणको बदलून टाकते.

मागणाऱ्याचे स्थान आता निश्चित करता येते. विनोबा भावे यांनी १९५१ साली तेलंगणातील पोचमपल्लीपासून भूदान सुरू केले तेव्हा जमीनदारापुढे ते घरातला आणखी एक मुलगा म्हणून उभे राहत आणि वाटा मागत. देणाऱ्याला उपकाराची जागा मिळू नये, अशी ती योजना होती. भूदानात मिळालेल्या बऱ्याच जमिनी नापीक निघाल्या आणि अनेकांचे वाटप झालेच नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे, कारण वाटा स्वेच्छेवर सोडला की वाटेकऱ्याला काय मिळते याचा तो पुरावा आहे. शालेय ग्रंथालयांची बाजू मांडणारा मात्र स्वतः वाटेकरीही नसतो. तो ज्यांच्या वतीने बोलतो त्यांना मत नाही, संघटना नाही, निवेदनावर करायला सहीही नाही. त्याचे नाते विश्वस्ताचे आहे, आणि विश्वस्ताला सौजन्याखातर येणे सोडून देण्याचा अधिकार नसतो. त्याने आभार मानण्याआधी मंजूर रक्कम, प्रत्यक्ष वितरित रक्कम आणि खर्च झालेली रक्कम हे तीन आकडे मागावेत. ते बहुधा वेगवेगळे निघतात.

या नात्याला एक काळही बांधलेला आहे. अनुच्छेद २०३ नुसार अनुदानाची कोणतीही मागणी राज्यपालांच्या शिफारशीशिवाय विधानसभेपुढे येत नाही, आणि आलेल्या मागणीला सभागृह संमती देऊ शकते, ती नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. शाळेच्या पुस्तकांसाठी जास्त पैसा हवा असणाऱ्या आमदाराला त्यावर मत मागायचे तर शिक्षणाची मागणी नाममात्र रकमेने कमी करा, अशी कपात सूचना द्यावी लागते. मार्चमध्ये मुंबईतल्या अधिवेशनाबाहेर दिलेले निवेदन म्हणूनच बहुधा वाया जाते. आकडा तोपर्यंत छापून झालेला असतो. तो ठरतो आदल्या पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत, जेव्हा शाळांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून जिल्ह्याकडे, संचालनालयाकडे आणि शेवटी वित्त विभागाकडे अंदाज चढत जातात, आणि जिल्हा नियोजन समितीत पालकमंत्र्यांपुढे जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा मांडला जातो. त्यातून सुटले तर पावसाळी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातील पुरवणी मागण्या उरतात. शाळा व्यवस्थापन समितीने आपल्या शाळा विकास आराखड्यात ग्रंथालयाची ओळ त्या आधीच लिहिलेली असावी लागते, आणि पुस्तकांची नावे शिक्षकांनी मुलांना विचारून तेव्हाच ठरवलेली असावी लागतात.